गाडी तापवू नका, चालवा

तुम्ही सांता क्लारात राहत असाल, तुमची गाडी गेल्या तीस वर्षांत बनलेली असेल आणि ती पेट्रोलवर चालत असेल, तर सकाळी ती सुरू करून पाच-दहा मिनिटं जागच्या जागी उभी ठेवण्याचं एकही कारण तुमच्याकडे नाही. इंजिनासाठी नाही, ऑइलसाठी नाही, आणि इथल्या थंडीसाठी तर नाहीच नाही. सुरू करा, पट्टा लावा, आरसे बघा आणि निघा. पहिली काही मिनिटं हळू चालवा. झालं.

हे वाचून बरेच जण मान डोलावतील आणि उद्या सकाळी पुन्हा किल्ली फिरवून (किंवा बटण दाबून) उरलेला चहा संपवायला घरात जातील. कारण 'गाडी जरा गरम होऊ दे' हे वाक्य आपल्या डोक्यात माहिती म्हणून बसलेलं नाही, संस्कार म्हणून बसलेलं आहे. ते वडिलांकडून आलं, काकांकडून आलं, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून आलं. संस्काराशी वाद घालणं अवघड असतं. तरी घालायला हवा, कारण या एका संस्काराचा धूर आपल्याच घरात जातो. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी एक गोष्ट मान्य करू. ही सवय मूर्खपणातून आलेली नाही. आपल्या वडिलांच्या गाडीला ती खरोखर लागत होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा, किंवा अगदी सुरुवातीची मारुती ८००. त्यांच्यात पेट्रोल आणि हवा एकत्र करायचं काम कार्ब्युरेटर करायचा. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. आत खेचल्या जाणाऱ्या हवेच्या ओढीने पेट्रोल वर घ्यायचं आणि त्या हवेत मिसळायचं, एवढंच कार्ब्युरेटरला कळत असे. बाहेर थंडी आहे की ऊन, इंजिन गार आहे की तापलेलं, याची त्याला काही खबर नसायची. इंजिन गार असलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्याचे थेंब गार भिंतींना चिकटून राहतात आणि ठिणगीपाशी पोचणारं मिश्रण फारच पातळ होतं. म्हणून चोक. तो ओढला की हवेची वाट अडायची, पेट्रोल जास्त यायचं आणि गाडी कशीबशी धडधडत राहायची. मग इंजिन तापेल तसा चोक हळूहळू आत ढकलायचा. घाई केली तर गाडी आचके द्यायची आणि नेमकी सिग्नलला बंद पडायची. अशा गाडीला पाच मिनिटं देणं म्हणजे शहाणपण होतं.

दुसरा धडा एसटीने दिला. गावात मुक्कामी आलेली बस पहाटे निघायच्या आधी बराच वेळ घरघरत उभी असायची. त्या आवाजाने गाव उठायचं. पण ड्रायव्हर नुसतं इंजिन तापवत नसे. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या बसमध्ये टाकीतला दाब पुरेसा वाढल्याशिवाय गाडी हलवणं धोक्याचं असतं, आणि तो दाब इंजिन चालू असल्यावरच वाढतो. आपण आवाज ऐकला आणि कारण आपल्या मनाने लावलं.

तिसरा धडा आकुर्डीच्या चेतकचा. सकाळी चेतक एका बाजूला कलती करायची, मग सरळ करून किक मारायची. पुण्यात हे न केलेला माणूस सापडणं कठीण. पण अमेरिकेत येऊन कुणी आपली कॅमरी सकाळी तिरकी केल्याचं ऐकलंय का? नाही ना? मग चेतकची सवय जशी चेतकबरोबर सोडली, तशी पद्मिनीची पद्मिनीबरोबर का सुटली नाही? मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्यासाठी केलेला नियम मात्र सॅन टोमस एक्स्प्रेसवेच्या दोन्ही बाजूंच्या ड्राइव्हवेंत अजून पाळला जातो.

आता बदललं काय, ते बघू. अमेरिकेत १९९० च्या सुमारास नव्या प्रवासी गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला संगणक आला. आजच्या गाडीत आत येणारी हवा किती हे मोजणारा सेन्सर आहे, कूलंट किती गार आहे हे सांगणारा सेन्सर आहे, आणि जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे बघणाराही आहे. इंजिन गार असेल तर किती जास्त पेट्रोल द्यायचं आणि ते कधी कमी करायचं, हे संगणक सेकंदाला अनेकदा ठरवतो. तुमच्या वडिलांचा चोकवरचा हात आता गाडीतच आहे, आणि तो झोपेत नसतो.

'पण ऑइल?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. रात्रभर ऑइल खाली उतरून बसतं, थंडीने घट्ट होतं, ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, वगैरे. हेही एके काळी बऱ्यापैकी खरं होतं. तेव्हा भारतात गाडीत २०डब्ल्यू-४० सारखं जाड ऑइल पडायचं. आज इथल्या बहुतेक गाड्यांत ०डब्ल्यू-२० किंवा त्याच्या जवळपासचं असतं. यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. शून्य डब्ल्यूचं ऑइल उणे ३५ अंश सेल्सिअसलाही इंजिन फिरू द्यावं, अशा कसोटीवर पारखलेलं असतं. सुरू केल्यावर काही सेकंदांत ऑइलचा दाब तयार होतो. तेवढा वेळ तर पट्टा लावण्यात आणि फोन धारकात बसवण्यातच जातो.

आणि सांता क्लाराची थंडी म्हणजे किती? या खोऱ्यात जानेवारीतल्या पहाटेचं सरासरी तापमान ४२-४३ फॅरनहाइट असतं, म्हणजे सुमारे सहा अंश सेल्सिअस. पाणी गोठेल अशा रात्री वर्षात थोड्याच. निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, इतका पारा तिकडेही उतरतो. म्हणजे तुमच्या गाडीतलं ऑइल ज्या थंडीसाठी बनलंय, तिच्यापेक्षा आपली जानेवारीतली सरासरी पहाट सुमारे चाळीस अंशांनी उबदार आहे. तिला थंडी म्हणून जॅकेट घाला, खुशाल घाला. पण इंजिनाला तिचं काही वाटत नाही.

इथवर 'गरज नाही' एवढंच म्हणून झालं. खरा मुद्दा पुढचा आहे: उभ्या उभ्या गाडी तापवणं इंजिनाला उपयोगाचं तर नाहीच, उलट त्याच्या तोट्याचं आहे.

इंजिन तापतं ते जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेने. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने उभी गाडी तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल जाळते. तीच गाडी ताशी ३० मैलांनी निघाली आणि गॅलनला ३० मैल देत असली, तर तासाला एक गॅलन जाळते, म्हणजे उष्णता दुप्पट ते चौपट. त्यामुळे चालती गाडी लवकर तापते आणि उभी गाडी गार राहते. इंजिनाची झीज गार असतानाच जास्त होते, हे तुमचे काकाही मान्य करतील. मग गार असण्याचा काळ लांबवायचा की आखडायचा? उभं राहून तुम्ही तो लांबवता.

त्यात भर म्हणजे गार इंजिनाला संगणक मुद्दाम जादा पेट्रोल देतो. त्यातलं सगळं जळत नाही. काही सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असतील तर ते वाफ होऊन निघून जातं. गार असतील तर आतच गळत राहतं. ज्या ऑइलच्या काळजीपोटी तुम्ही गाडी उभी ठेवली, त्याच ऑइलमध्ये तुम्ही पेट्रोल आणि पाणी घालताय.

आणि गाडी म्हणजे फक्त इंजिन थोडंच? गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर, टायर हे सगळं चालल्यावरच तापतं. दहा मिनिटं उभी ठेवून निघालात, तरी गिअरबॉक्स बऱ्यापैकी गारच असतो. म्हणजे पहिले दोन-तीन मैल हळू जायला हवंच. मग ती दहा मिनिटं कशासाठी खर्च केली?

'अहो, पण सुरू केल्यावर गाडीचा आवाज चढलेला असतो. ती वेळ मागते!' हा युक्तिवाद अनेकांचा आवडता. आवाज चढलेला असतो हे खरं. पण ती वेळ मागत नसते. तो सगळा खटाटोप मुख्यतः धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवण्यासाठी चाललेला असतो. संगणक ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो आणि इंजिन जोरात फिरवतो, म्हणजे उष्णता मागे सायलेन्सरकडे जाते. आवाज थोडा खाली येईपर्यंत पंधरा-वीस सेकंद थांबलात तर कुणाची हरकत नाही. ऊर्जा खात्याचं म्हणणंही हेच आहे: बहुतेक कंपन्या साधारण ३० सेकंदांनी हळुवार निघायला सांगतात. सेकंदांनी, मिनिटांनी नव्हे.

या कन्व्हर्टरपाशी जरा थांबू, कारण इथून प्रश्न तुमच्या इंजिनाचा न राहता सगळ्यांचा होतो. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसायला लागला. त्यातले मौल्यवान धातू धुरातला कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर कमी घातक वायूंत करतात. पण त्यासाठी तो साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. तोवर तो म्हणजे नुसता लोखंडी डबा. म्हणून एखाद्या छोट्या प्रवासातल्या घाण धुराचा मोठा वाटा पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. 'आमची गाडी स्मॉग चेक पास आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. स्मॉग चेकला पोचेपर्यंत गाडी तापलेली असते. सकाळी सात वाजता तुमच्या दारातली गाडी हे वेगळं यंत्र आहे.

तो पहिला धूर टाळता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाडी सुरू केली की तो निघणारच. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: तो कुठे सोडायचा, आणि त्यावर आणखी दहा मिनिटांची भर घालायची की नाही.

आता कुठे सोडतो ते बघा. सांता क्लारातल्या अपार्टमेंटचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोन मजली इमारती, मध्ये कारपोर्टची रांग, आणि गाडीच्या मागच्या टोकापासून दहा-पंधरा फुटांवर कुणाच्या तरी बेडरूमची खिडकी. त्या खिडकीआड कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. शक्यता अशी की ते बाळही आपल्यासारख्याच कुणाचं तरी असतं.

त्यात या खोऱ्याची भूगोलाने केलेली गंमत. एका बाजूला सांता क्रूझचे डोंगर, दुसऱ्या बाजूला डियाब्लो रांगा. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. धूर वर जाऊ शकत नाही. म्हणजे ज्या गारठलेल्या सकाळी तुम्हाला वाटतं की आज तर गाडी तापवायलाच हवी, नेमक्या त्याच सकाळी हवा धूर धरून ठेवते. अशा दिवशी 'स्पेअर द एअर' जाहीर झालं की शेकोटीत लाकूड जाळायला बंदी असते, आणि आपण ती मुकाट पाळतो. फायरप्लेस बंद ठेवून ड्राइव्हवेत गाडी घरघरत ठेवणं, ही कुठली शिस्त?

गाड्यांच्या धुरातून आणि उन्हातून धुरकं कसं तयार होतं, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने इथेच, कॅलिफोर्नियात, उलगडून दाखवलं. पुढे १९६७ मध्ये राज्याने हवेसाठी स्वतंत्र मंडळ उभं केलं. देशातले सर्वांत कडक नियम या राज्याने केले. त्या स्वच्छ हवेचं कौतुक आपण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर सांगतो. सांगायला हरकत नाही, पण मग ती राखायलाही हवी.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला, तो. गॅरेज.

आपल्यातले पुष्कळ जण टाउनहाउसमध्ये राहतात. खाली गॅरेज, वर घर. अनेक घरांत खालच्या मजल्यावर, गॅरेजच्या भिंतीला लागून एक खोली असते. भारतातून आई-बाबा आले की ती त्यांना दिली जाते, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि जिना नको असतो. नाहीतर गॅरेजच्या बरोबर वरची खोली बाळाची असते. सकाळी मुलगा किंवा जावई गॅरेजचं दार उघडतो, गाडी सुरू करतो आणि 'दार उघडं आहे ना' अशा समाधानाने आत येऊन डबा भरतो.

दार उघडं असून भागत नाही. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हे मोजून पाहिलं आहे. गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवून गाडी फक्त दोन मिनिटं तापवली, तर गॅरेजमधल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५०० पीपीएमपर्यंत गेलं. गाडी बाहेर काढल्यानंतर दहा तासांनीही तो तिथे मोजण्याइतका शिल्लक होता. बाहेरच्या हवेसाठी अमेरिकेतलं आठ तासांचं मानक आहे ९ पीपीएम. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आणि गॅरेजमधली हवा गॅरेजमध्येच राहत नाही. ती मधल्या दाराच्या फटीतून, भिंतीतल्या पाइपांच्या भोकांतून घरात झिरपते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थोड्या प्रमाणात गेला की डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, चक्कर येते. आता विचार करा, नुकत्याच आलेल्या आईने सकाळी 'डोकं जड वाटतंय रे' म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल? 'जेट लॅग आहे गं, दोन दिवसांत जाईल.' असेलही जेट लॅग. पण खोलीला लागून रोज सकाळी गार इंजिन चालत असेल, तर तुम्हाला ते कळणार कसं? हृदयविकार असलेली म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि तिच्या पोटातलं बाळ, तान्ही मुलं यांना हा वायू सर्वांत जास्त बाधतो. बाळंतपणासाठी आई येते तेव्हा त्या घरात हे सगळे एकदमच असतात.

'आमच्याकडे अलार्म आहे.' असायलाच हवा. कॅलिफोर्नियाच्या २०१० च्या कायद्याने जोडगॅरेज असलेल्या एककुटुंबी घरांत तो १ जुलै २०११ पासून सक्तीचा आहे. पण तो काय करतो हे समजून घ्या. तो माणसाला मरणापासून वाचवण्यासाठी आहे, हवा स्वच्छ आहे हे सांगण्यासाठी नाही. इथल्या मानकाप्रमाणे ७० पीपीएमला तो एक ते चार तासांनी वाजतो. ३० पीपीएमला तर महिनाभर न वाजणं अपेक्षित असतं. अलार्म गप्प आहे याचा अर्थ आईच्या खोलीत काही नाही, असा होत नाही.

त्यात बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. त्यांचा आवाज इतका कमी की गाडी चालू आहे हे विसरायला होतं. २०१८ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने मोजदाद केली तेव्हा २००६ पासून दोन डझनांहून अधिक माणसं, गॅरेजमध्ये अशी गाडी चुकून चालू राहिल्यामुळे, कार्बन मोनॉक्साइडने मेलेली आढळली. गाडी सुरू करून घरात जायची सवयच नसेल, तर या विसरण्याची एक वाट तरी बंद होते.

आता आक्षेप घेऊ, कारण ते येणारच.

काचेवर दव असतं, बर्फाची साय असते, त्याचं काय? हा आक्षेप खरा आहे. समोरचं नीट दिसल्याशिवाय गाडी हलवूच नये. पण तो काचेचा प्रश्न आहे, इंजिनाचा नाही. सांता क्लारात वर्षातून मोजक्या सकाळी साय येते. पाच डॉलरचा खरवडणा ठेवा, रात्री काचेवर जुनी चादर टाका. डिफ्रॉस्ट लावून एखादं मिनिट थांबावं लागलं तर थांबा, पण गाडी गॅरेजच्या बाहेर काढून आणि स्वतः आत बसून.

मिनेसोटात, एडमंटनमध्ये राहणाऱ्यांचं काय? तिथली थंडी खरी थंडी. उणे पंचवीसला इंजिनाला बाहेरून वीज लावून उबदार ठेवणारा ब्लॉक हीटर वापरतात, तो उत्तम. तिथेही बराच वेळ उभं राहून तापवण्यापेक्षा थोडं थांबून हळू निघणंच इंजिनाला मानवतं. आतली सीट उबदार हवी म्हणून कुणी रिमोटने गाडी सुरू करत असेल, तर त्याने तसं म्हणावं. 'मला थंडी वाजते' हे कारण मला समजतं. 'इंजिनासाठी करतो' हे मात्र म्हणू नये. आणि मिनेसोटातल्या मावसभावाचा सल्ला सांता क्लारात लावू नये.

टर्बो आहे, महागाची जर्मन गाडी आहे? त्या गाडीच्या माहेरी, जर्मनीत, इंजिन विनाकारण चालू ठेवणं वाहतूक नियमांत मना आहे, आणि उभं राहून गाडी तापवणं त्यातच मोडतं. ब्रिटनमध्येही रस्त्यावर उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवलं तर दंड होऊ शकतो. कॅलिफोर्नियात खासगी गाडीवर तशी सरसकट बंदी नाही, पण सार्वजनिक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सोडून जायला इथल्या वाहन कायद्याच्या कलम २२५१५ प्रमाणे मनाई आहे. तेव्हा रस्त्याकडेला गाडी लावून, चालू ठेवून चहाला आत जाणं हे इंजिनाचं लाड करणं नाही, नियमभंग आहे.

'माझी गाडी, माझं पेट्रोल.' बरं, हिशेब करू. रोज दहा मिनिटं, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे सुमारे ४२ तास. १० ते २० गॅलन पेट्रोल. गॅलनला पाच डॉलर धरले तर पन्नास ते शंभर डॉलर. या पैशांनी तुम्ही गरीब होणार नाही, आणि मी पैशांसाठी भांडतही नाही. पेट्रोल तुमचं आहे, धूर मात्र तुमचा एकट्याचा नाही.

शेवटचा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण सर्वांत जड तोच असतो. बाबा सांगतात. बाबांनी एकच गाडी वीस वर्षं सांभाळली, तिची एकेक कुरकुर त्यांना ओळखता येत होती, आणि आता ते आपल्या ड्राइव्हवेत उभे राहून काळजीने म्हणतात, 'अरे, जरा गरम तर होऊ दे.' त्यांना मोडून काढू नका. 'बाबा, तुम्हाला काही कळत नाही' हे तर चुकूनही म्हणू नका, कारण ते खरंही नाही. त्यांना त्यांची गाडी पुरती कळली होती, ही गाडी वेगळी आहे, एवढंच. त्यांना बॉनेट उघडून दाखवा. कार्ब्युरेटर कुठे दिसतो का, त्यांनाच शोधायला सांगा. मग ग्लव्ह बॉक्समधलं मालकाचं पुस्तक काढून दोघं मिळून वाचा. गाडीवर प्रेम केलेल्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही. वेळ आपल्याला लागतो, कारण आपण त्यांचा नियम घेतला आणि त्यामागचं कारण विचारलंच नाही.

तेव्हा उद्यापासून एवढं करा. आधी डबा भरा, बूट घाला, मुलांना गाडीत बसवा, गॅरेजचं दार पूर्ण उघडा आणि मगच गाडी सुरू करा. सुरू झाली की लगेच बाहेर काढा आणि गॅरेजचं दार थोडा वेळ उघडं राहू द्या. पहिली पाच-दहा मिनिटं अॅक्सिलरेटर जोरात दाबू नका. फ्रीवे अगदी घराला लागून असेल तर आधी एखादा मैल आतल्या रस्त्याने जा. शाळेच्या रांगेत मुलांची वाट बघताना इंजिन बंद ठेवा. गाडी हायब्रिड असेल तर तिचं इंजिन कधी चालू करायचं ते तिचं तिला ठरवू द्या. इलेक्ट्रिक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नव्हता, पण शेजाऱ्याला पाठवा. आणि कुणाकडे हौसेने जपलेली चोकवाली जुनी गाडी असेल, तर तिला जरूर पाच मिनिटं द्या. फक्त बाहेर, मोकळ्यावर.

आणि आई-बाबा सध्या तुमच्याकडे असतील, तर आजच त्यांच्या खोलीजवळचा अलार्म खाली काढा, मागची तारीख बघा आणि चाचणीचं बटण दाबून तो वाजतोय याची खात्री करा.